इम्प्लांट काढताना कॅप्सूलही काढायची का? वादामागची पार्श्वभूमी

ब्रेस्ट इम्प्लांट काढायचे ठरले की आज बहुतेक रुग्ण कॅप्सूलबद्दल, म्हणजे इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेल्या आवरणाबद्दल विचारतात. ती सगळी निघणार, थोडी निघणार, की तशीच राहणार? शस्त्रक्रिया किती वेळ चालेल, साचणारा द्रव बाहेर काढायची नळी ठेवावी लागेल का, दुखणे किती दिवस राहील, हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते.

सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. इम्प्लांटभोवती तयार होणारी कॅप्सूल व्रणासारखी असते. काही जणींमध्ये ती आकसून स्तन कडक होतो. सुरुवातीच्या काळात डॉक्टर बाहेरून हाताने दाबून ती फोडत. त्यात इम्प्लांटच फुटू लागल्याने ती पद्धत मागे पडली. पुढे कॅप्सूल कमी आकसावी म्हणून खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट आले.

१९९२ मध्ये अमेरिकेने जेल इम्प्लांटवर कडक निर्बंध घातले आणि २००६ मध्ये ते उठवले. दरम्यान फ्रान्समधली एक कंपनी वैद्यकीय मान्यता नसलेले औद्योगिक सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ३० हजार स्त्रियांना खबरदारी म्हणून ते इम्प्लांट काढून घ्यायला सांगितले. ब्रिटनने मात्र सरसकट काढण्याची शिफारस केली नाही.

त्याच २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने (एफडीए) इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाची शक्यता जाहीर केली. २०१६ मध्ये जागतिक पातळीवर त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळाली. जुलै २०१९ पर्यंत जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांतले ४८१ रुग्ण एकाच कंपनीच्या इम्प्लांटशी जोडलेले होते, आणि तिने आपले खरखरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. कॅप्सूल आकसू नये म्हणून केलेला बदलच इथे नडला.

खरा गुंता इथून सुरू होतो. या लिम्फोमात इम्प्लांट आणि कॅप्सूल न फोडता, एकसंध काढतात. याला ‘एन ब्लॉक’ म्हणतात, आणि कर्करोगात ते योग्यच आहे. पण इम्प्लांट बसवल्यावर थकवा, सांधेदुखी, केस गळणे, विसराळूपणा यांनी त्रासलेल्या हजारो स्त्रिया त्याच सुमारास समाजमाध्यमांवर एकमेकींना भेटत होत्या. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेले होते. वैद्यकविश्वाने ऐकूनच घेतले नाही, तेव्हा सर्वांत कडक उपचार तोच खात्रीचा, असा त्यांचा समज झाला, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही. काही सर्जननी मग ‘एन ब्लॉक’ची जाहिरात सुरू केली. ते मात्र खटकते.

कारण त्याची किंमत रुग्ण मोजते. छेद मोठा लागतो, रक्तस्राव वाढतो. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली असते, ती खरवडताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. पातळ कॅप्सूल तर अखंड निघतेच असे नाही. अशी लक्षणे असलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात इम्प्लांट काढल्यावर अनेकींना बरे वाटले. मात्र कॅप्सूल पूर्ण काढली की थोडीच काढली, याने त्या सुधारणेत फरक पडला नाही. म्हणजे त्रास खरा मानायचा आणि तरीही कॅप्सूल पूर्ण काढायची नाही, हे एकाच वेळी शक्य आहे.

कॅप्सूल जाड झाली असेल, तिच्यात कॅल्शियम साचले असेल किंवा इम्प्लांट फुटून जेल बाहेर आले असेल, तर ती काढण्याला ठोस कारण असते. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांट बसवण्याआधी धोक्यांची यादी रुग्णाला समजावून देणे बंधनकारक आहे. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत हा इशाराही ठळकपणे द्यावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅप्सूलमध्ये आढळणाऱ्या आणखी काही दुर्मीळ कर्करोगांची सूचना निघाली. तेव्हाही लक्षणे नसलेल्यांनी इम्प्लांट काढावेत, असे नियामकाने म्हटले नाही. सूज किंवा गाठ असेल तर मात्र काढलेली कॅप्सूल आणि भोवतीचा द्रव तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला जाणार का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावे लागते.