डीनना ‘त्या’ ओरडण्यानं पाडलं नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेऱ्या (पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्याराज्यांतलं मतदान) आल्या की एक गोष्ट हमखास निघते: २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन एकदा किंचाळले आणि त्यांची उमेदवारी संपली. ऐकायला मजेदार, पण क्रमच उलटा.

ती आरोळी १९ जानेवारीच्या रात्रीची, पहिल्या फेरीचा, म्हणजे आयोवा राज्याचा निकाल लागल्यानंतरची. प्रतिस्पर्धी जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२ आणि डीन जेमतेम १८. म्हणजे ओरडण्याआधीच ते आपटले होते.

डीन यांचं बळ खरं होतं. इराक युद्धाला रोखठोक विरोध, इंटरनेटवरून थेंबेथेंबे जमवलेला पैसा. कच्चा दुवा जमिनीवर होता. नारिंगी टोप्या घालून बाहेरगावचे कार्यकर्ते आयोवात दारोदार फिरले. स्थानिकांना ते परकेच वाटले. त्यात आणखी एक प्रतिस्पर्धी डिक गेपहार्ट यांच्याशी जाहिरातींतून चाललेली चिखलफेक दोघांनाही भोवली.

आणि ती आरोळी? हातातला माइक आजूबाजूचा गोंगाट गाळणारा होता. सभागृहात गर्दीच इतकी ओरडत होती की डीन यांचा आवाज त्यात बुडाला. टीव्हीवर मात्र ते एकटेच पिसाळल्यासारखे दिसले. वाहिन्यांनी ती चित्रफीत दिवसेंदिवस दळली, त्यानं नुकसान झालंच. तरीही आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायर राज्याच्या फेरीत डीन दुसरे आले.