स्मरणाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी: बर्लिन, केंब्रिज आणि रिद्धपूर

आठवण म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञांनी शतकानुशतके विचार केला; परंतु ती मोजता येते हे दाखवून देण्याचे श्रेय जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांच्याकडे जाते. त्यांनी १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये स्वतःवरच प्रयोग केले. अर्थपूर्ण शब्दांना आधीच्या आठवणी चिकटलेल्या असतात आणि त्यामुळे मोजमाप बिघडते, म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर बसवून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या तोंडपाठ केल्या आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात याची नोंद ठेवली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील आकड्यांनुसार ही बचत तासाभरातच निम्म्याच्या खाली येते, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश राहते आणि महिना उलटल्यावरही एक पंचमांशाच्या आसपास टिकून असते. विसरणे आधी झपाट्याने आणि मग संथपणे होते, हा निष्कर्ष आजही मान्य आहे.

त्याच ग्रंथातील एका नोंदीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. एबिंगहाउस यांनी तुलनेसाठी बायरनच्या काव्यातील कडवीही पाठ केली आणि तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराच्या मानाने त्यांना सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ, यमक आणि लय यांनी मिळून नऊ दशांश काम हलके केले होते. विदर्भातल्या खेड्यात पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्यावर जे कास्तकार एकामागून एक झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकबद्ध लोकगीते, म्हणतात, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या कधी कागदावर पाहिलेल्या नसतात. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा ठरलेला शेवट आला की पुढच्याने सुरुवात करायची, आणि यमकाचा शब्द मनात आधीच तयार असल्यामुळे अधली ओळ त्याच्याकडे आपोआप ओढली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरांवरील १९९५ च्या ग्रंथात हेच मांडले, की अर्थ, प्रतिमा आणि नाद ही बंधने एकत्र आल्यावर पुढे येऊ शकणाऱ्या शब्दांची संख्या इतकी कमी होते की स्मरणावरचा भार उतरतो.

अर्थाला प्रयोगशाळेत परत आणण्याचे काम केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी केले. त्यांच्या १९३२ च्या ग्रंथातील प्रसिद्ध प्रयोगात इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला देऊन ती पुढे वेळोवेळी सांगायला लावली होती. प्रत्येक वेळी कथा आखूड आणि वाचकांच्या दृष्टीने अधिक तर्कसंगत होत गेली. त्यांना अनोळखी असलेले तपशील गळाले आणि सीलच्या शिकारीच्या जागी साधी मासेमारी आली. मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाच्या चौकटीला बार्टलेट यांनी स्कीमा म्हटले आणि आठवणे ही साठवलेली वस्तू बाहेर काढण्याची नव्हे, तर दर वेळी नव्याने रचण्याची क्रिया आहे, असा निष्कर्ष काढला.

या ठिकाणी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा उल्लेख टाळता येत नाही. चक्रधरस्वामींच्या पश्चात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘लीळाचरित्र’ येथे सिद्ध केले. महानुभाव परंपरेनुसार मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. विशेष म्हणजे हे भेद दडपले गेले नाहीत. हिराइसा या अनुयायी स्त्रीचा पाठ कोणता आणि दुसऱ्या कुणाचे म्हणणे काय, हे पोथीतच नोंदवले गेले. याला मानसशास्त्र म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण प्रामाणिक आणि श्रद्धावान माणसांच्याही आठवणी एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, ही जाणीव त्या नोंदींत स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणकाची भाषा मानसशास्त्रात आली. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मरणाची मर्यादा सात गोष्टी, अधिक-उणे दोन, अशी सांगितली. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ मध्ये संवेदनिक, अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे तीन टप्पे मांडले. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी अल्पकालीन कोठाराऐवजी कार्यकारी स्मृतीची, म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीची, कल्पना दिली. मला या प्रतिमानांपेक्षा एका रुग्णाची हकिकत अधिक बोलकी वाटते. १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या आतल्या भागाचा मोठा हिस्सा दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, तेव्हा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्यांना आठवण नव्हती. स्मृती एकसंध नाही, हे यातून दिसले. १९७२ मध्ये एंडेल टुल्विंग यांनी प्रसंगांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती असा आणखी एक भेद केला.

बार्टलेट यांचा विचार न्यायालयाच्या दारापर्यंत नेला तो एलिझाबेथ लॉफ्टस यांनी. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती सर्वांना दाखवून वेगवेगळ्या क्रियापदांनी वेग विचारला; ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द ऐकणाऱ्यांचा अंदाज ताशी सुमारे ४१ मैल, तर ‘स्पर्श झाला’ असे ऐकणाऱ्यांचा सुमारे ३२ मैल निघाला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही काहींना आठवल्या.

ज्यांनी गावात धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद पाहिला आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. म्हाताऱ्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याला, चारचौघांत ‘धुरा या बोरीपासूनच जात होता ना?’ असे विचारले, की उत्तराचा अर्धा भाग प्रश्नानेच पुरवलेला असतो, आणि एकदा ‘हो’ म्हटल्यावर ती बोर त्याच्या आठवणीत कायमची रुजते. फिशर आणि गीझलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांच्या मुलाखतीची जी पद्धत विकसित केली, तिच्यात आधी प्रसंगाचे वातावरण मनात उभे करून साक्षीदाराला न अडवता बोलू देतात आणि नेमके प्रश्न नंतर विचारतात. ज्या परिस्थितीत शिकले त्याच परिस्थितीत अधिक आठवते, हे गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना पाण्याखाली आणि काठावर शब्द पाठ करायला लावून दाखवले होते. त्यामुळे सालदाराला पारावर बसवून विचारण्यापेक्षा वावरात नेऊन, त्या काळी तिथे काय पेरत, बैलगाडी कुठून काढत, हे आधी त्याच्या शब्दांत सांगू द्यावे आणि धुऱ्याचा प्रश्न शेवटी, कोणत्याही झाडाचे नाव न घेता विचारावा.