टर्बोचं काम बदलतंय

ठाण्याहून घोडबंदरमार्गे निघालं की गायमुखचा चढ लागतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि पुढे कंटेनरची रांग. अशा वेळी बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला तयार होत नाही. शेजारून हजार सीसीची टर्बो गाडी मात्र फारसा आवाज न करता निघून जाते. इंजिन लहान आणि ओढ जास्त, हे वरकरणी उलटं वाटतं. पण इंजिनाची ताकद त्याच्या आकारावर ठरत नाही, एका फेरीत ते किती इंधन नीट जाळू शकतं यावर ठरते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. जास्त पेट्रोल सोडणं सोपं असतं, अडतं ते हवेवर. साध्या इंजिनात पिस्टन खाली येतो आणि बाहेरच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवावं लागतं. टर्बो ही हवा दाबून आत भरतो. त्यासाठी लागणारी शक्ती तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरातून घेतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा या धुराबरोबर वाया जात असतो. त्याच धुराला कामाला लावायची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट केली. प्रवासी गाडीत ती यायला 1962 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या टर्बो गाड्या विक्रीला आल्या. जेटफायरमध्ये इंजिन ठोकू नये, म्हणजे उष्णतेने मिश्रण अवेळी पेटून आत धडका बसू नयेत, म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावं लागे. टर्बो आणि उष्णता यांचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

टर्बो आतून पाहायचा असेल तर कळंबोलीला ट्रकांच्या गॅरेजमध्ये जावं. तिथे एखादा तरी खोललेला टर्बो बाकावर पडलेला असतो. शंखाच्या आकाराची दोन घरं आणि त्यांना जोडणारा एक बारीक शाफ्ट. शाफ्टच्या एका टोकाला धुराने फिरणारं जड, उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं चाक असतं, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं ॲल्युमिनियमचं. मेकॅनिक शाफ्ट दोन बोटांत धरून हलवून बघतो. आडवा किंचित हलला तर चिंता नाही, कारण चालू असताना ती फट ऑइलने भरलेली असते आणि शाफ्ट त्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पण पुढे-मागे हलला, किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, की तो म्हणतो, ‘प्ले आलाय, टर्बो गेला.’

ही तपासणी एवढी बारीक का, ते आकड्यांवरून कळतं. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. चाकाचा व्यास 40 मिलिमीटर धरला तर पात्याचं टोक सेकंदाला 400 मीटरहून जास्त वेगाने फिरतं, म्हणजे आवाजाच्याही पुढे. एका बाजूला पेट्रोल इंजिनाचा 900 अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये काही सेंटिमीटरचं अंतर. लांब पल्ला जोरात मारून गाडी लगेच बंद केली तर तिथलं ऑइल थांबतं, जळतं आणि कार्बन होऊन बसतं. आताच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, तरी इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची सवय चांगलीच आहे.

आपल्याकडे टर्बो आधी डिझेलमधून घरोघरी पोचला. पेट्रोलमध्ये तो वाढला त्यामागे विज्ञानाइतकाच कर आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर कर कमी, हा नियम 2006 पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही अशा गाड्यांना 18 टक्के आणि त्यापुढच्यांना 40 टक्के अशी रेघ ओढली गेली. मग 1200 सीसीच्या आत राहून जास्त ताकद हवी असेल तर टर्बोशिवाय मार्ग उरत नाही. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचं कडक मानक आलं, लहान डिझेल इंजिनं महाग पडू लागली, मारुतीने तर डिझेल सोडूनच दिलं. ती जागाही टर्बो पेट्रोलने घेतली.

मारुतीच्याच फ्रॉन्क्सची दोन इंजिनं शेजारी ठेवून बघा. साधं 1197 सीसीचं इंजिन 113 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, तोही 4400 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर. टर्बो असलेलं 998 सीसीचं इंजिन 147.6 देतं आणि 2000 आरपीएमपासूनच. गायमुखला जो फरक जाणवतो तो हाच. 4400 आरपीएमला रोज कोण जातं? 2000 ला मात्र आपण सगळेच असतो.

आता अ‍ॅव्हरेजचं बोलू. लहान टर्बो इंजिन कमी पितं, असं शोरूममध्ये सांगतात. ते खरं आहे, पण रस्ता कोणता यावर. अटल सेतूच्या 21.8 किलोमीटरवर एका वेगाने चाललात तर लहान इंजिनात घर्षण कमी, थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बऱ्यापैकी उघडा, हवा ओढण्यात शक्ती कमी वाया जाते; तिथे टर्बोचा हिशोब बसतो. संध्याकाळी माजिवड्याहून कासारवडवलीला जाताना तो बसत नाही. पन्नास मीटर पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा पाय द्यायचा. प्रत्येक वेळी टर्बो नव्याने वेग घेतो, हवेबरोबर पेट्रोलही वाढतं आणि पुढच्या ब्रेकला ते सगळं फुकट जातं. शिवाय दाबलेली हवा तापते. 35 अंशांची हवा 1.8 पट दाबली तर ती सहज 110 अंशांच्या वर जाते. तिला थंड करायला इंटरकूलर असतो, पण त्यालाही समोरून वारा लागतो. मे महिन्यात ट्रकच्या मागे अडकलेल्या गाडीला तो कुठून मिळणार? हवा गरम आली की इंजिन ठोकण्याचा धोका वाढतो, म्हणून कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, आणि ताकद व अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कमी आरपीएमवर जास्त ओझं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनात कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं. ऑइलचे थेंब किंवा कार्बनचे कण ती ठिणगी देतात आणि दाब एवढा चढतो की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा त्रास वाढतो हे लक्षात आल्यावर मिश्रण बदललं गेलं, आणि 2020 पासूनच्या एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा दर्जा) ऑइलला या त्रासाची चाचणी पास करावी लागते. म्हणून टर्बो गाडीत ‘कुठलंही चांगलं ऑइल टाका’ म्हणणाऱ्या गॅरेजवर मी विश्वास ठेवणार नाही. मॅन्युअलमधला दर्जा वाचून तेच घालावं, आणि चढावर तिसऱ्यात रेटण्याऐवजी दुसरा टाकावा.

ट्रॅफिकच्या बाबतीत टर्बोला खरा प्रतिस्पर्धी भेटलाय तो हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन आहे आणि त्याला टर्बो नाही. खालच्या वेगात ओढायचं काम इलेक्ट्रिक मोटर करते, आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते. ब्रेक मारला की ऊर्जा बॅटरीत परत जाते, टर्बोला हे कधीच जमणार नाही. ओढायची जबाबदारी गेल्यामुळे इंजिन फक्त कमी पिण्यासाठी बनवता येतं. रोज तासभर घोडबंदर रोडवर घालवणाऱ्याने जास्तीची किंमत परवडत असेल तर हायब्रिडच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज तेवढाच ठरलेला प्रवास असेल आणि सोसायटीत चार्जिंग मिळत असेल तर इलेक्ट्रिक त्याहून बरी.

मग टर्बो संपला का? माझ्या मते नाही, पण निव्वळ ताकद वाढवण्याचं त्याचं काम मागे पडतंय. मिलर सायकल नावाच्या पद्धतीत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लवकर बंद करतात. त्यामुळे जळालेल्या वायूला पसरायला आत आलेल्या हवेच्या मानाने जास्त जागा मिळते आणि त्याच इंधनातून जास्त काम निघतं. तोटा एवढाच की आत हवा कमी जाते. ती तूट टर्बो भरून काढतो. फोक्सवॅगनने युरोपात दीड लिटरच्या एका इंजिनात हे केलं आणि टर्बो असूनही त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 12.5 पर्यंत नेलं. इथे टर्बोचा उपयोग पेट्रोल वाचवण्यासाठी होतो.

आपल्या भागासाठी मला सीएनजीची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. साध्या गाडीत सीएनजी घातला की पिकअप पडतो, हे ठाणे-नवी मुंबईतला कुठलाही रिक्षावाला सांगेल. कारण गॅस स्वतःच जागा अडवतो आणि तेवढी हवा आत कमी येते. टर्बो ती हवा दाबून परत भरू शकतो. वर मिथेन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाब सोसतो आणि ठोकत नाही, म्हणजे टर्बोला हवं तसंच इंधन. टाटाने 2024 मध्ये नेक्सॉनमध्ये ही जोडी आणली, टर्बो असलेली ती देशातली पहिली सीएनजी कार. इथेनॉलचंही असंच. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असल्याने ई-20 ने, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, ही तक्रार खरी आहे. पण इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे न ठोकता दाब सोसायची क्षमता, जास्त आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. सध्याच्या बहुतेक गाड्या या गुणाचा पूर्ण फायदा घेत नाहीत. ई-20 डोळ्यांसमोर ठेवून कॉम्प्रेशन आणि बूस्ट (टर्बोचा हवेवरचा दाब) वाढवलेलं टर्बो इंजिन बनवलं तर गेलेल्या अ‍ॅव्हरेजचा काही भाग परत मिळवता येईल. कंपन्यांनी हे काम आता मनावर घ्यायला हवं.

पुढची पायरी म्हणजे शाफ्टवरच इलेक्ट्रिक मोटर बसवलेला टर्बो. धूर पुरेसा नसेल तेव्हा मोटर चाक फिरवते, म्हणजे पाय दिल्यावर वाट बघावी लागत नाही. धूर जास्त असेल तेव्हा तीच मोटर वीज तयार करू शकते. फॉर्म्युला वनमध्ये 2014 ते 2025 हे तंत्र होतं. मर्सिडीज-एएमजी आणि 2024 ची पोर्श 911 जीटीएस यांनी ते रस्त्यावर आणलं. त्याला जास्त व्होल्टेजची बॅटरी आणि महागडी इलेक्ट्रॉनिक्स लागतात, त्यामुळे दहा-बारा लाखांच्या गाडीत ते इतक्यात येणार नाही. हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी आधीच असते. म्हणून सर्वसामान्यांच्या गाडीत हा टर्बो कधी आलाच, तर तो हायब्रिडमधूनच येईल असं मला वाटतं.