‘ज्युनियर’ म्हणजे कितव्या सालची? जागतिक क्रॉस कंट्रीतल्या मुलींच्या शर्यतीची पार्श्वभूमी

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळरानावर, चढउतारांवरून धावायची शर्यत. तिच्या जागतिक स्पर्धेत ज्युनियर मुलींची शर्यत पहिल्यांदा झाली ती १९८९ साली, नॉर्वेतल्या स्टाव्हँगरला. स्पर्धा १९७३ पासून भरत होती आणि ज्युनियर मुलांची शर्यत तिच्यात पहिल्या वर्षापासून होती. म्हणजे मुलींना सोळा वर्षं वाट पाहावी लागली.

त्यामागचा इतिहास लांबलचक आहे, पण इथे त्यातलं थोडंच लागतं. देशादेशांतली क्रॉस कंट्री १९०३ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुरू झाली, तेव्हा चारच संघ होते आणि धावणारे सगळे पुरुष. महिलांची अधिकृत शर्यत आली १९६७ मध्ये, वेल्समधल्या बॅरीत, आणि तेव्हापासून सलग पाच वर्षं ती एकाच अमेरिकन धावपटूनं जिंकली. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९२४ च्या पॅरिसनंतर गाळला गेला. तिथे उन्हानं अर्ध्याहून जास्त धावपटू बाद झाले होते. महिलांची क्रॉस कंट्री तर ऑलिंपिकमध्ये कधी झालीच नाही. ट्रॅकवरही परिस्थिती वेगळी नव्हती. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये बायका ८०० मीटर धावल्या, मग ते अंतर थेट १९६० पर्यंत बंद. १५०० मीटर १९७२ ला, मॅरेथॉन १९८४ ला, १०,००० मीटर १९८८ ला सोलमध्ये. ज्युनियर मुलींची क्रॉस कंट्री त्याच्या पुढच्याच वसंतात सुरू झाली. थोरल्या बायका दहा हजार मीटर धावून ठणठणीत परत आल्यावरच पोरींना माळरानावर सोडायला हरकत नाही असं ठरलं असावं, असं माझं मत. कुणी ते लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही.

पहिली सहा-सात वर्षं ही शर्यत कुणीही जिंकावी अशी होती. १९९० ला फ्रान्समधल्या एक्स-ले-बँमध्ये चिनी मुलगी पहिली आली, १९९१ ला अँटवर्पमध्ये केनियाची. १९९२ ची बोस्टनची शर्यत मला सगळ्यांत जास्त आवडते. फ्रँकलिन पार्कमध्ये बर्फ पडलेलं, आणि पहिली आली दम्याचा त्रास असलेली अठरा वर्षांची ब्रिटिश मुलगी. तिनं पुढे मॅरेथॉनचा जागतिक विक्रम २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांवर आणला. त्या दिवशी तिच्या मागे दुसरी आलेली चिनी मुलगी पुढच्याच वर्षी १०,००० मीटर २९:३१.७८ मध्ये धावली, आणि तो विक्रम मोडायला २०१६ उजाडलं. तिसरी होती आदल्या वर्षीची केनियन विजेती. जेमतेम साडेतेरा मिनिटांच्या एका शर्यतीत एवढं सगळं मावलं होतं. १९९५ ला इंग्लंडच्या डरहॅममध्ये फिनलंडची मुलगी जिंकली, आणि तिथे ते पर्व संपलं. १९९६ पासून ही शर्यत केनिया किंवा इथियोपिया यांच्याबाहेर गेलेली नाही.

आता मुख्य गुंता. ‘ज्युनियर’.

मराठीत या शब्दानं काही बोध होत नाही. ज्युनियर केजीत चार वर्षांचं लेकरू असतं, ज्युनियर कॉलेजात सोळाची मुलगी, आणि महापालिकेतला ज्युनियर इंजिनियर दोन मुलांचा बाप. ठाण्यातल्या येऊरच्या चढावर रविवारी सकाळी मुलींना सोडायला आलेल्या पालकांत ‘ज्युनियर वर्ल्ड’ हा विषय निघाला की हमखास घोळ होतो. शालेय स्पर्धांत आपल्याकडे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शालेय स्पर्धा वेगवेगळ्या होतात, पण गट तेच. राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत मात्र १६, १८ आणि २० वर्षांखालील. जागतिक स्पर्धेत एकच, २० वर्षांखालील. म्हणजे घणसोलीतली बारावीची मुलगी एका फॉर्मवर ‘१९’, दुसऱ्यावर ‘२०’, आणि तिच्याच वर्गातली वयानं थोडी लहान मैत्रीण ‘१८’. आई विचारते, अहो सर, ही नक्की किती वर्षांची?

जागतिक नियमात या प्रश्नाचं उत्तर मुलीचं वय पाहून दिलंच जात नाही. तिथे जन्मसाल पाहतात. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तिला वीस पूर्ण होता कामा नयेत, इतकंच. शर्यत मार्चमध्ये असो की जानेवारीत, हिशोब डिसेंबरचा. एका केनियन मुलीचं उदाहरण घ्या. ती २०११ ला स्पेनमधल्या पुंता उंब्रियात अनवाणी धावून जिंकली, २०१३ ला पोलंडमधल्या बिडगॉश्चमध्ये पुन्हा जिंकली, आणि पुढे १५०० मीटरमध्ये ऑलिंपिकची तीन सुवर्णं मिळवली. तिची जन्मतारीख १० जानेवारी १९९४. दहा दिवस आधी, ३१ डिसेंबरला जन्मली असती, तर २०१३ च्या शर्यतीत तिला उभंच राहता आलं नसतं. दुसरं सुवर्ण त्या दहा दिवसांवर टांगलेलं होतं.

खालची मर्यादा हा याहून वादाचा भाग. १९९१ ला अँटवर्पमध्ये जिंकलेली केनियन मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. हो, तेरा, आपल्याकडे आठवीत असती. तिच्याच देशाची आणखी एक मुलगी १९९३ ला पंधराव्या वर्षी श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत, थोरल्यांच्या १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टला ज्युनियर क्रॉस कंट्रीत पहिली आली. पुढे नियमात तळाची अट आली: ३१ डिसेंबरला किमान सोळा. म्हणजे १६, १७, १८, १९, अशी चारच जन्मसालं पात्र. आजचा नियम १९९१ ला लावला तर १९७२ ते १९७५ मध्ये जन्मलेल्या मुलीच चालल्या असत्या. १९७७ ची ती विजेती दोन वर्षांनी कमी पडते.

तळाची अट लावली ते बरं केलं की वाईट? मला वाटतं, बरं केलं. तेरा वर्षांच्या मुलीला जगातल्या सगळ्यांत खडतर शर्यतीत उतरवणाऱ्यांची घाई मला कधी समजलेली नाही. याच्या उलट बाजूनंही बोलणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही: ज्या मुलीला सोळाव्या वर्षी घरचे लग्नाच्या किंवा कामाच्या वाटेला लावणार, तिच्यासाठी तेरा ते पंधरा हीच धावण्याची वर्षं. इथल्या काही घरांनाही हे लागू पडतं. त्या घरात नियम कुणाच्या बाजूनं आहे, हे मला सांगता यायचं नाही.

आणि जन्मसाल हे कागदावरचंच. आमच्या आईवडिलांच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असायची. आज ठाण्यात जन्मदाखला महापालिकेकडून मिळतो, तरी वयाचे घोळ संपलेले नाहीत. राष्ट्रीय पातळीवर लहान गटांत हाडांची चाचणी घेऊन वय पडताळलं जातं ते उगाच नाही. तारीख त्याच सालात दोन महिन्यांनी पुढेमागे झाली तर या नियमात फरक पडत नाही. साल एकानं सरकलं तर सगळंच बदलतं.

२०१५ नंतर ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेनं ‘ज्युनियर’ हा शब्दच काढून टाकला आणि ‘२० वर्षांखालील’ असं सरळ लिहायला सुरुवात केली. त्यामुळे २०१५ ची चीनमधल्या ग्वियांगची शर्यत शेवटची ‘ज्युनियर’, आणि २०१७ ची कंपालाची पहिली ‘वीसखालील’. गंमत अशी की दोन्ही जिंकल्या एकाच इथियोपियन मुलीनं, आधी सतराव्या वर्षी, मग एकोणिसाव्या. पुढे तिनं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि अर्धमॅरेथॉन या तिन्हींचे जागतिक विक्रम केले. नाव बदललं, मुलगी तीच राहिली. आपल्याकडे मात्र ‘ज्युनियर’ अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. या लेखाच्या शीर्षकातही तो आहे, कारण ‘वीस वर्षांखालील मुलींची क्रॉस कंट्री’ असं कुणी बोलत नाही.

अंतराबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या वर्षांत ही शर्यत चार-साडेचार किलोमीटरची असायची, शतक बदलताना ती सहाच्या घरात गेली. मुलं आठ धावतात. थोरल्यांत २०१७ च्या कंपालापासून बायका आणि पुरुष दोघंही दहा किलोमीटर धावतात, त्याआधी बायकांना आठ होतं. याचा परिणाम कुणी मोजत नाही: मुलगा वीसचा झाला की आठवरून दहावर जातो, मुलगी सहावरून थेट दहावर. मोठी उडी मारायला लावायची ती मुलीलाच. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतही हेच आकडे उचललेत, वीसखालील मुलांना आठ आणि मुलींना सहा. सहाच बरोबर, असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरा बदल दिसायला साधा, पण जन्मसालाच्या गणिताला त्यानं सुरुंग लावला. २०११ पर्यंत स्पर्धा दरवर्षी व्हायची, नंतर एक वर्षाआड. चार जन्मसालं पात्र असताना दरवर्षीच्या स्पर्धेत एका मुलीला चार संधी मिळायच्या, आता दोन. २००८ आणि २००९ अशा लागोपाठ दोन वर्षं जिंकलेल्या इथियोपियन मुलीसारखं आता एरवी कुणाला जमणार नाही. २०१९ ला डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला शर्यत झाली, तिथल्या संग्रहालयाच्या गवत लावलेल्या उतरत्या छपरावरून धावपटू पळाले. मुलींत पहिल्या तिघींची वेळ एकच लागली, २० मिनिटं ५० सेकंद. त्यातून पहिली ठरलेली केनियन मुलगी २००० सालची, म्हणजे ती तिची शेवटची संधी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं ५,००० आणि १०,००० मीटर दोन्ही जिंकले.

मग महामारी. २०२१ ची स्पर्धा ढकलत ढकलत २०२३ ला ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टमध्ये झाली. २०१९ ला पात्र होत्या २००० ते २००३ च्या मुली, २०२३ ला २००४ ते २००७ च्या. दोन यादींत एकही साल सामाईक नाही. २००३ ला जन्मलेल्या मुलीला ही शर्यत आयुष्यात एकदाच मिळाली, तीही पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यानंतरची स्पर्धा, सर्बियातल्या बेलग्रेडची, लगेच २०२४ मध्येच झाली आणि २००५ ते २००७ च्या मुलींना दोन वर्षांत दोनदा धावायला मिळालं. यात कुणाचा दोष नव्हता. कोण कधी जन्मलं, एवढंच.

इथल्या मुलींसाठी ही चार वर्षं आणखी एका कारणानं अवघड आहेत. सोळा ते एकोणीस म्हणजे दहावीच्या निकालापासून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंत. बरोबर याच काळात ‘आता धावणं पुरे, क्लास लाव’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला तीन-पाच किलोमीटर धावून मेडल आणणाऱ्या सातवी-आठवीच्या मुली मला डझनांनी दिसतात, बारावीच्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात. माणदेशातली एक मुलगी खो-खोतून धावण्याकडे आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत उतरली, पण तिथवर पोहोचायला तिला सत्तावीस वर्षं लागली. वीसखालच्या चौकटीत तिची ही मजल कुणाला दिसलीही नसती. मातीचा प्रश्न तर वेगळाच. पेव्हर ब्लॉक आणि डांबर सोडून धावायचं तर ठाण्यात येऊर, नवी मुंबईत पारसिक नाहीतर खारघरची टेकडी, आणि पावसाळ्यात तिथेही शेवाळ. दमट हवेची सवय मात्र आपल्याला फुकट मिळते. २००७ ला मोंबासाला समुद्रकाठच्या उकाड्यात शर्यत झाली, तेव्हा थोरल्या पुरुषांत सलग पाच वर्षं जिंकलेला इथियोपियन धावपटूही शर्यत सोडून बाहेर पडला होता. ती हवा ठाण्यातल्या कोळशेत-घोडबंदरच्या ऑक्टोबरहून काही फार वेगळी नसेल.

२०२६ ची स्पर्धा फ्लोरिडातल्या टॅलाहासीसाठी ठरली, तारीख १० जानेवारी. मार्चऐवजी जानेवारी आला, नियम ३१ डिसेंबरचाच राहिला, पात्र जन्मसालं २००७ ते २०१०. म्हणजे डिसेंबर २००६ ला जन्मलेली मुलगी शर्यतीच्या दिवशी एकोणीस वर्षं आणि काही आठवड्यांची, तरी ‘वीस वर्षांखालील’ नाही. येऊरला मुलींना धावायला शिकवणारे एक सर वहीत मुलींच्या नावांपुढे आता वय लिहीत नाहीत, नुसतं साल लिहितात.