पार्श्वभूमी : ‘विचारांचे नियम’ म्हणजे कोणते नियम?

तर्क मनापासून आणि भाषेपासून वेगळा काढण्याचा खटाटोप आज ज्या रूपात शिकवला जातो, ते रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आणि मुख्यतः जर्मन आहे. ‘डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे’ असे अनुमान पाच पायऱ्यांत मांडणारी आपली पंचावयवी परंपरा कितीतरी जुनी. पण तिथे अनुमान म्हणजे जाणणाऱ्याला होणारे ज्ञान. त्यामुळे ही फारकत तिथे याच रूपात पुढे आली नाही.

सगळा गुंता ‘नियम’ या शब्दात आहे. वर फेकलेला दगड खाली येतो हा नियम, आणि शेजाऱ्याचा धुरा (शेताचा बांध) कोरू नये हाही नियमच. पहिला मोडता येत नाही. दुसरा मोडता येतो, म्हणून तर सांगावा लागतो. १८५४ साली एका इंग्रज गणितज्ञाने तर्क बीजगणितात बसवला आणि ग्रंथाच्या नावातच ‘विचारांचे नियम’ म्हटले. त्या काळी अनेकांनी हे नियम दगडासारखे घेतले : मन असेच चालते. मग चुकीचा विचार कुठल्या नियमाने होतो?

सप्टेंबरच्या झडीनंतर पऱ्हाटीची (कपाशीची) बोंडे सडतात. ‘अळी असली त बोंड सडते. बोंड सडलं. म्हणजे अळीच हाय.’ पारावरचे सगळे कास्तकार माना डोलावतात आणि अळीचे औषध फवारले जाते. वीस बोंडे फोडून पाहिली असती तर कळले असते : अळी नाही, ओलीने आलेली बुरशी. अळी सापडली असती तरी तर्क चुकलेलाच होता, कारण बोंड अळीशिवायही सडू शकते; हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हेच कोरकूत म्हणा की गोंडीत, खोट तीच. आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच विचार आला, ही झाली डोक्यांची हकिकत, बोंडाची नव्हे.

१८७९ मध्ये एका जर्मन गणितज्ञाने खास चिन्हलिपी रचून उद्देश्य-विधेयाची जुनी चौकट बाजूला सारली. ‘व्यापाऱ्याने कापूस घेतला’ आणि ‘कापूस व्यापाऱ्याकडून घेतला गेला’ यांतला फरक व्याकरणाचा, तर्काला त्याचे सोयरसुतक नाही. १८९३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानेच ‘नियम’ शब्दाचे हे दोन अर्थ, दगडाचा आणि धुऱ्याचा, वेगळे केले. १८९१ मध्ये संख्येचे मूळ मानसशास्त्रात शोधणाऱ्या दुसऱ्या एका तत्त्वज्ञाने १९०० मध्ये स्वतःचीच बाजू उलटवली : तर्क मानसशास्त्रावर उभा नाही. १९१३ मध्ये तर तत्त्वज्ञानाच्या अध्यासनांवर प्रयोगवाले मानसशास्त्रज्ञ नेमू नयेत, अशा निवेदनावर १०७ जणांनी सह्या केल्या. यात तत्त्व किती आणि नोकऱ्यांची काळजी किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९६६ मध्ये प्रश्न उलट बाजूने, मानसशास्त्राकडून आला : माणसे प्रत्यक्षात या नियमांनी विचार करतात का? चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात : स्वर, व्यंजन, सम अंक, विषम अंक. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक’ हे तपासायला कोणते उलटाल? स्वर आणि विषम, कारण नियम मोडला असेल तर तो तिथेच दिसेल. हे जेमतेम दहात एकाला जमते. बरेच जण सम अंक उलटतात, म्हणजे सडलेल्या बोंडावरून अळीच. १९८२ मध्ये हाच प्रश्न दारू पिण्याच्या किमान वयाबद्दल विचारला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश बरोबर निघाले. १९९४ मध्ये दोघा संशोधकांनी कसोटीच नाकारली : पत्ता उलटणारा नियम खोटा पाडायला बसलेला नसतो, कुठून जास्त माहिती मिळेल याचा अंदाज घेत असतो. त्या हिशेबाने बहुसंख्यांचे उत्तर चूक ठरत नाही.