लग्नाची डीव्हीडी फोनवर आणताना

लग्नाच्या डीव्हीडीचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला की दोन तक्रारी हमखास येतात. माणसं जराशी ताणल्यासारखी उंच दिसतात, आणि कुणी हललं की कडांना कंगव्याचे दाते फुटतात. मग लोक बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायचा डेटा, वाढवतात. फाइल दुप्पट होते, दाते तसेच राहतात. डीव्हीडीवरचं चित्र जुन्या टीव्हीच्या सोयीनं साठवलेलं असतं, आणि ते फोनच्या पडद्यासाठी उलगडायचं कामच झालेलं नसतं.

पण आधी डिस्क नीट वाचून घ्यायला हवी. घरगुती डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते आणि हा थर वर्षांगणिक खराब होतो. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल चरा एकाच वाटेवरचा सलग मजकूर खातो. कॉपी करताना मध्येच अडकली तर ‘डीडी-रेस्क्यू’नं पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली नक्कल, काढा. हा प्रोग्राम खराब भाग सोडून पुढे जातो आणि सोडलेल्या जागा मागाहून पुन्हा वाचून बघतो. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून पाहणंही फायद्याचं. एकानं नाकारलेली डिस्क दुसरा कधी कधी सहज वाचतो.

डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर असतो. त्यात चित्र आणि आवाजाच्या, साधारण एकेक जीबीच्या व्हीओबी फायली असतात. या सुट्या सुट्या रूपांतरित करून नंतर जोडू नका. तुकडा कुठेही तुटलेला असतो, ऐन मंगलाष्टकांच्या मध्येसुद्धा, आणि जोडावर आवाज मागेपुढे होतो. तुकड्यांचा क्रम आणि वेळ आयएफओ फायलीत लिहिलेली असते, म्हणून सॉफ्टवेअरला अख्खा फोल्डर किंवा आयएसओ द्या. आयएफओ वाचता येत नसेल तर त्याच नावाची बीयूपी फाइल ही तिची प्रत असते. फोल्डर हार्ड डिस्कवर घेऊन बीयूपीच्या प्रतीला आयएफओ हे नाव दिलं की काम होतं.

पुढचं सगळं ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्राममध्ये जमतं.

भारतात काढलेल्या लग्नाच्या डीव्हीडी साधारणपणे पाल या इथल्या टीव्ही पद्धतीच्या असतात: 720 बाय 576 पिक्सेल, सेकंदाला 25 फ्रेम. यातला पिक्सेल चौरस नसतो, फोनचा असतो. म्हणून 4:3 चित्रासाठी 768 बाय 576 आणि 16:9 साठी 1024 बाय 576 असा आकार ठेवा. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ बंद करा, कारण चालू ठेवल्यास फाइलमध्ये फक्त आकाराची सूचना लिहिली जाते आणि काही अ‍ॅप ती वाचतच नाहीत. 1920 बाय 1080 करण्यात अर्थ नाही. मुळात नसलेला तपशील त्यानं येत नाही, फाइल मात्र फुगते. डिस्क व्हीएचएस कॅसेटवरून केलेली असेल तर तळाशी फाटलेल्या ओळींची पट्टी दिसते, तेवढी क्रॉप करा.

आता ते दाते. कॅमेऱ्यानं पूर्ण चित्र एकदम घेतलेलं नसतं. बहुधा आधी विषम ओळी टिपल्या जातात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी, दर खेपेस 288. एवढ्यात नवऱ्या मुलाचा हात पुढे सरकलेला असतो, पण फाइलमध्ये दोन्ही अर्धी चित्रं एकाच फ्रेममध्ये गुंफलेली असतात. जुना टीव्ही ती एकापाठोपाठ एक दाखवायचा, फोन एकदम दाखवतो. 2005 च्या आयपॉडचा पडदा 320 बाय 240 होता. एवढं लहान करताना निम्म्याहून जास्त ओळी गळायच्या आणि दोष आपोआप झाकला जायचा. त्या काळातल्या सूचना आजही फिरत आहेत, पण हजारहून अधिक ओळींच्या पडद्यावर त्या उपयोगी नाहीत.

फिल्टर्समध्ये ‘डीइंटरलेस’ला (गुंफलेल्या ओळी सोडवणारा फिल्टर) ‘बीडब्ल्यूडिफ’ आणि प्रीसेट ‘बॉब’ निवडा, ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद ठेवा. यानं प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण फ्रेम बनते आणि सेकंदाला 50 फ्रेम मिळतात. वरातीतला नाच मूळ टीव्हीवर दिसायचा तितकाच सफाईदार दिसतो. फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ असू द्या. तिथे 25 घातलं की निम्मी हालचाल गेली. हालचाल पुढे-मागे थरथरत असेल तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे. टेपवर डिजिटल चित्रण करणाऱ्या डीव्ही कॅमेऱ्यात खालची ओळ आधी येते, आणि डिस्क बनवताना ही नोंद चुकते. मग ‘कस्टम’मध्ये पॅरिटी, म्हणजे ओळींचा क्रम, उलटवा.

एन्कोडर (व्हिडिओ आक्रसण्याची पद्धत) एच.264, आरएफ (दर्जाचा आकडा) 20 पासून सुरुवात. आकडा कमी केला की दर्जा वाढतो आणि आकारही. चाचणीसाठी मात्र मुलाखतीसारखा शांत भाग घेऊ नका. अक्षता पडतात ती तीस सेकंद घ्या. व्हिडिओ आक्रसतो तो ‘मागच्या फ्रेममधला हा तुकडा इथे सरकला’ एवढंच लिहून. शेकडो दाणे शेकडो दिशांना उडाले की हा हिशेब कोलमडतो आणि चेहऱ्यांवर चौकटी उमटतात. तिथे चित्र टिकलं तर उरलेला समारंभ सुरक्षित. चौकटी मूळ डिस्कवरच असतील तर आरएफ कमी करून त्या जात नाहीत. तीन तासांचा समारंभ 4.7 जीबीत कोंबला की सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा मिळत नाहीत.

सरासरी दीड मेगाबिट चित्र आणि 128 किलोबिट आवाज धरला तर तासाला सुमारे 730 एमबी लागतात. आवाज एएसी या प्रकारात करा. डिस्कवरचा एसी-3 प्रकारचा आवाज बऱ्याच फोनना वाचता येत नाही, आणि चित्र चालतं पण सनई ऐकू येत नाही. मेमरी कार्ड एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असेल तर एक फाइल 4 जीबीच्या आत ठेवावी लागते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क एनटीएससी या तिथल्या टीव्ही पद्धतीची असते: 720 बाय 480, सेकंदाला 29.97 फ्रेम. तिचं 4:3 चित्र 640 बाय 480 करा.

विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीची गोष्ट वेगळी. त्यांना बहुधा कुलूप असतं, हँडब्रेक ते उघडत नाही, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यातलं कलम 65अ असं संरक्षण तोडण्याबद्दल आहे. कुलूप नसलेल्या सिनेमाच्या पाल डिस्कवर बहुतेक वेळा अख्ख्या फ्रेमच असतात. तिथे ‘बॉब’ लावू नका. ‘इंटरलेस डिटेक्शन’ चालू ठेवून साधं ‘डीकोंब’ घ्या, म्हणजे दाते असतील तेवढ्याच फ्रेमना हात लागेल.