हात दिसत नाहीत म्हणून मुलगी खचलेली नसते

‘दहा वर्षांनंतरची मी’ असं चित्र माझ्या नववीतल्या भाचीनं काढलं. द्राक्षबाग, पाठमोरी बाई, हात खिशात, सगळं काळ्या पेनानं. ताई घाबरून गंगापूर रोडला माझ्याकडे आली. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा तक्ता तिच्या फोनमध्ये होता: लपलेले हात म्हणजे अपराधीपणा, काळा रंग म्हणजे नैराश्य, मोठे डोळे म्हणजे संशयी स्वभाव.

हे खरं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅरन मॅकोव्हर यांनी १९४९ साली चित्रांचे असे अर्थ मांडले आणि ते पसरले. १९६७ साली लॉरेन आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रावर ते काढणाऱ्याची म्हणून मानसिक लक्षणं लिहिली होती, पण मुद्दाम चित्राशी कसलाही मेळ न ठेवता. तरीही ‘मोठे डोळे म्हणजे संशय’ हे नातं विद्यार्थ्यांना दिसलंच, अनुभवी तज्ज्ञांना दिसायचं तसंच! अर्थ चित्रात नव्हता, बघणाऱ्याच्या मनात आधीच होता.

मग भाचीलाच विचारलं. “मावशी, बोटं जमत नाहीत गं मला.” काळं पेन? कंपासमध्ये तेवढंच होतं. आणि पाठमोरी का? दिंडोरीला आजोबांची बाग गारपिटीत गेली, तिला हवामानाचा अभ्यास करायचाय. बाई आभाळाकडे बघतेय. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

झोप उडाली, जेवण कमी झालं, मैत्रिणी नकोशा झाल्या, असं दोन आठवडे चाललं तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.